बातमी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे

प्रश्न : सर, नमस्कार. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. यंदा श्रावणात राजारामपुरीत गुळाचं छोटं दुकान काढलं. भेली, पावडर, वड्या, काकवी असं सगळं ठेवतो. उद्घाटनाची प्रेसनोट सगळ्या पेपरांना पाठवली. एकाच ठिकाणी दोन ओळी आल्या आणि त्यातही दुकानाचं नाव चुकलं. दुसऱ्या एका पेपरच्या जाहिरात विभागातून तेवढा फोन आला. आता एक एजन्सी १५ हजारांत दोनशे पोर्टलवर आमची बातमी लावून देतो म्हणते. आमचे मालक (नवरा) म्हणतात, पैसे पाण्यात घालू नको. काय करावं? प्रेसनोट सोबत जोडली आहे.

ता. क. पत्राला उशीर झाला, कारण गुऱ्हाळ सुरू झालंय. आमचा जुना गुळव्या गेल्यापासून गूळ शिजवणारा दुसरा मिळेना, म्हणून गेल्या हंगामापासून उकळत्या रसाचं आदण मीच उतरवते. सुरुवातीला दोन आदणं करपली. सासरे काही बोलले नाहीत.

– एक वाचक भगिनी, ता. करवीर

ताई, नमस्कार.

तुमची प्रेसनोट वाचली, पत्रही वाचलं. प्रेसनोटमध्ये बातमी नाही. ती पत्रात आहे, आणि तिथंही ता. क. च्या खाली दडलीय. गुळव्या मिळेना म्हणून घरची सून रस उकळायच्या काहिलीपुढं उभी राहते, दोन आदणं करपवते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तिथंच उभी असते. हे वाचून कोल्हापुरातला कुठलाही बातमीदार तुमचा फोन नंबर शोधेल. तुम्ही मात्र ते पत्राला उशीर झाल्याची सबब म्हणून लिहिलंय!

आता प्रेसनोट बघू. तिची पहिली ओळ : ‘कोल्हापूरच्या खवय्यांच्या सेवेत दर्जेदार, सेंद्रिय व आरोग्यदायी गुळाचे भव्य दालन मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोठ्या उत्साहात सुरू झाले.’ पुढं अकरा मान्यवरांची नावं, पदांसकट. मग स्वागत कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. गुऱ्हाळाचा उल्लेख एकदा, तोही ‘कुटुंबाची परंपरा’ एवढाच. काहील नाही, गुळव्या नाही, तुम्ही तर नाहीच. मान्यवरांची नावं वगळू नयेत ही आपल्याकडची रीत मला माहीत आहे, कोण कधी रुसेल सांगता येत नाही. पण ती नावं आभाराच्या कार्डावर छापा. पेपर विकत घेणाऱ्याला त्यांचं काय?

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षं बसलो आहे. संध्याकाळी उपसंपादकापुढं अशा नोटांचा ढीग असतो आणि पान सोडायची वेळ जवळ आलेली असते. तो पहिल्या दोन ओळी वाचतो. वाचणाऱ्याच्या उपयोगाचं किंवा कुतूहलाचं काही त्यात दिसलं तर पुढं जातो. नाही दिसलं तर नोट बाजूला पडते, फार तर ‘संक्षिप्त’मध्ये दोन ओळींची भरती होते. तुमचं तेच झालं. नाव चुकलं त्याचंही सांगतो. तुमच्याच नोटेत दुकानाचं नाव वर एका तऱ्हेनं आणि खाली दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलंय. बिचाऱ्यानं त्यातलं एक उचललं.

शिवाय तुम्ही आठवडाही भलताच धरलात. प्रेसनोटवरची तारीख बघितली. पंचगंगा फुगलेली, सगळं शहर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं डोळे लावून बसलेलं. तिथं ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. पाणी त्या बाजूला चढायला लागलं की कोल्हापूरच्या डेस्कवर दुसरं काही चालत नाही. कुठला रस्ता बंद, कुठलं गाव हलवलं, एवढंच. त्या दिवसांत उद्घाटनाची बातमी लागली असती तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

प्रसिद्धीपत्रक हा प्रकार कौतुकासाठी जन्मलाच नव्हता. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात गेली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. रेल्वे कंपनीचा प्रसिद्धीचा माणूस होता आयव्ही ली. त्यानं लपवालपवी केली नाही. घडलं ते सरळ लिहून काढून वर्तमानपत्रांना दिलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं ते छापलं. पहिलं प्रसिद्धीपत्रक म्हणून त्याचाच दाखला देतात. त्यात ‘भव्य’ नव्हतं आणि ‘उत्साहात’ही नव्हतं. बातमीदाराला हवी ती माहिती, वापरता येईल अशा रूपात, इतकंच होतं.

तेव्हा दुकानाचं उद्घाटन विसरा. ते होऊन गेलं. नवी नोट अशी लिहा :

‘गुळव्या मिळेना, सुनेनेच धरली काहील

कोल्हापूर, ता. – : गुऱ्हाळांना कुशल गुळव्या मिळणे अवघड झाले असताना करवीर तालुक्यातील (गावाचे नाव) येथील (तुमचे पूर्ण नाव) यांनी गूळ शिजवण्याचे काम स्वतः शिकून घेतले आहे. गेल्या हंगामापासून कुटुंबाच्या गुऱ्हाळातील आदणे त्याच उतरवत आहेत.

पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून, गोळी बोटांनी चाचपून ठरवतो. काही क्षणांची चूक झाली तरी आदण बिघडते. “सुरुवातीला माझी दोन आदणं करपली. सासरे काही बोलले नाहीत,” असे त्या सांगतात.

या गुऱ्हाळात रस स्वच्छ करण्यासाठी रानभेंडीचा वापर होतो. रंग उजळण्यासाठी हायड्रोस पावडर घातली जात नाही, त्यामुळे गूळ गडद होतो. अशा गुळाला बाजार समितीच्या सौद्यात पिवळ्या गुळाच्या तुलनेत कमी दर मिळत असल्याने कुटुंबाने ऑगस्टपासून राजारामपुरीत थेट विक्री सुरू केली आहे.

गुऱ्हाळ सकाळी (वेळ) सुरू असते. छायाचित्रांसाठी व माहितीसाठी संपर्क : (नाव, मोबाइल).’

बस्स, एवढंच. दुकान शेवटाकडं आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. वाचणारा तिथवर येतो तेव्हा तुमचा गूळ काळपट का, हे त्याला कळलेलं असतं. दुकानात आल्यावर ‘हा असा का दिसतोय?’ हा प्रश्न तो विचारणार नाही. जाहिरातीत हे समजवायला किती जागा घ्यावी लागली असती, ते बघा.

हायड्रोसचा आणि दराचा मजकूर तुमच्या दुकानाच्या माहितीपत्रकातून घेतलाय. त्यातला शब्दन्‌शब्द खरा असेल तरच ठेवा. गेल्या हंगामात एखाद्या आदणाला जरी पावडर पडली असेल तर वाक्य बदला. बातमीदार गुऱ्हाळावर येईल, मजुरांशी बोलेल, कोपऱ्यातला डबाही बघेल.

आता जुन्या नोटेतले तीन शब्द. ‘मधुमेहींनाही उपयुक्त’ हे पहिल्यांदा खोडा. गूळही मुख्यतः साखरच, त्यानं रक्तातली साखर वाढते. शिवाय मधुमेहावर गुणकारी म्हणून माल खपवणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात अडकू शकतं, आणि खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांना २०१८ चे एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम आहेत. पेपरात छापून आलेला दावा हा तुमच्याविरुद्धचा आयता पुरावा. दुसरा शब्द ‘सेंद्रिय’. ऊस एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या सरकारी योजनांखाली प्रमाणित असेल तर प्रमाणपत्र नोटेसोबत जोडा, नसेल तर ‘हायड्रोसविरहित’ एवढंच म्हणा, तेही प्रयोगशाळेचा अहवाल हातात असेल तर. तिसरा ‘मानांकनप्राप्त’. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे हे खरं, पण ते आपल्या मालावर लावायचं तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद नसेल तर तो शब्द तुमचा नाही.

मी न लिहिलेला एक शब्द तुम्हाला कुणीतरी सुचवेल : ‘जिल्ह्यातील पहिली महिला गुळव्या’. मोह होईल. लिहू नका. कागलात नाही तर पन्हाळ्यात कुणी बाई वीस वर्षं काहील सांभाळत असली, तर तिचा नातू दुसऱ्या दिवशी पेपरात फोन करेल, आणि ज्या बातमीदारानं तुमच्यावर विश्वास टाकला तो तोंडघशी पडेल. तुमची गोष्ट ‘पहिली’ नसली तरी चालते.

कुणाला पाठवायची? सगळ्यांना एकदम नको. ‘मा. संपादक’ असं लिहून सात पेपरांच्या पत्त्यांवर एकच मेल जातो तेव्हा सातही जणांना वाटतं, दुसऱ्याकडं येईलच. पुढारी, सकाळ, लोकमत, तरुण भारत यांच्या शहर पुरवण्या आणि शेती-बाजाराची पानं आठवडाभर चाळा. गूळ, ऊस, बाजार समिती या विषयांवर कोण लिहितो ते बघून त्या माणसाला नावानं पाठवा. ॲग्रोवन हे शेतीला वाहिलेलं दैनिक आहे, शेतकरी कुटुंबांच्या अशा कहाण्यांना तिथं भरपूर जागा मिळते. माझ्या मते तुमचं पहिलं दार तेच. आकाशवाणी कोल्हापूरलाही कळवा. गुऱ्हाळावरची माणसं हात कामात असताना रेडिओ ऐकतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तालुक्याच्या वार्ताहरालाही विसरू नका. तो अर्धवेळ असतो, त्याच्या गळ्यात बऱ्याचदा जाहिरातीचं टार्गेटही असतं, म्हणून त्याच्याशी बोलणं थोडं अवघड जातं. पण गावात पहिला पोचणारा तोच.

पाठवायची रीतही सांगतो, कारण इथं चांगल्या चांगल्या नोटा मरतात. लेटरहेडवर टाईप करून त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाकू नका. त्यातून एक ओळ उचलता येत नाही, ऑपरेटरला सगळं पुन्हा टाईप करावं लागतं, आणि चुका तिथंच होतात. मजकूर युनिकोड मराठीत, थेट मेलमध्ये आणि मेसेजमध्ये. दोनशे-अडीचशे शब्दांच्या आत. फोटो आडवे, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, म्हणजे ते आकसत नाहीत. फीत कापतानाचा फोटो नको. काहिलीची वाफ, हातात लांब दांड्याचा हलवणा, वाफ्यात ओतलेला गूळ आणि तुमचा चेहरा, असे दोन-तीन हवेत. दोन माणसं असतील तर डावीकडून कोण, ते लिहा. वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. संध्याकाळी सातनंतर ‘नोट मिळाली का?’ म्हणून फोन केलात तर मिळालेली नोटही मिळेनाशी होते! दोन दिवसांनी, दुपारी, एकच फोन. ‘छापणार का?’ असं विचारू नका. ‘गुऱ्हाळ बघायला कधी येताय?’ असं विचारा.

दिवस कोणता? संक्रांत. १४ जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक डेस्कला गुळावर काहीतरी हवं असतं, आणि दर वर्षी बाजारातल्या दरांची तीच बातमी फिरते. तुमची नोट जानेवारीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत पोचली तर ती त्यांची अडचण सोडवते. ८ मार्चची वाट बघू नका. महिला दिनाला तुमच्यासारख्या पन्नास जणींच्या कहाण्या एकाच पानात कोंबतात, प्रत्येकीच्या वाट्याला पासपोर्ट फोटो आणि चार ओळी. आणि तोवर हंगामही उतरणीला लागलेला असेल. बातमीदार आला तर त्याला थंड चुलवाण दाखवणार का?

कधी कधी दिवस आपण ठरवत नाही, तो येतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल एकदम देशभर गाजली. अशा वेळी बातमीदाराला आज, आत्ता बोलणारा कारागीर हवा असतो. ज्याचा नंबर त्याच्याकडं असतो आणि जो फोन उचलतो, तो दुसऱ्या दिवशी पेपरात असतो. उद्या गुळातल्या भेसळीवर छापे पडले, गुळाचे सौदे बंद पडले किंवा उसाच्या दराचं आंदोलन पेटलं तर तुम्ही ती व्यक्ती असू शकता. म्हणून बातमी लागो न लागो, ओळख ठेवा.

त्या वेळी एक प्रश्न हमखास येईल : ‘म्हणजे बाकीचे गुऱ्हाळवाले केमिकल घालतात?’ इथं जीभ सांभाळा. ‘आम्ही काय करतो ते मी सांगू शकते, दुसऱ्यांचं त्यांना विचारा’ एवढंच उत्तर. शेजारच्या गुऱ्हाळावर बोट दाखवून छापून आलात तर मथळा मोठा मिळेल, पण उद्या मजूर कमी पडले की ज्यांच्या दारात जायचं ते तेच लोक आहेत. आणि त्यांचंही चुकतं असं सरळ म्हणता येत नाही. पिवळ्या रंगाला दर बाजार देतो.

जाहिरात विभागाच्या फोनचा राग धरू नका. ते त्यांचं काम आहे. फक्त दोन गोष्टींची गाठ मारू नका. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणून द्या, चौकटीत, तशा उल्लेखासह. दिवाळीच्या आधी एखादी दिली तर फायदाही होईल. पण ‘एवढ्याची जाहिरात द्या, बातमी लावतो’ असं कुणी म्हणालं तर हसून चहा पाजा आणि विषय बदला. वाचकाला पैसे देऊन छापलेली बातमी ओळखता येते, आणि तुमच्या खऱ्या गोष्टीलाही मग तोच वास लागतो. पाकीट तर नकोच. गुऱ्हाळावर आलेल्याला रस आणि काकवी द्यायची पद्धत आहे, तेवढी पाळा. ते जसं पाहुण्याला, तसंच बातमीदाराला.

एजन्सीच्या बाबतीत मालकांचं बरोबर आहे. दोनशे पोर्टल म्हणजे एकच मजकूर दोनशे ठिकाणी चिकटवलेला, खाली बारीक अक्षरात ‘या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही’. ती पानं कुणी उघडत नाही. गुगलवर वर येऊ असं ते सांगतील, पण पत्रकांत मुद्दाम पेरलेल्या लिंकांना गुगलनं २०१३ पासूनच बनावट लिंकांच्या यादीत घातलंय. त्या १५ हजारांतला काही भाग एफएसएसएआय मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गूळ तपासून घ्यायला घाला, काही एका चांगल्या फोटोग्राफरला द्या. पहाटेच्या आदणाला बोलवा त्याला, उजेड चांगला मिळतो. ते फोटो पाच वर्षं वापराल.

बातमी लागली तर त्या दिवशी दुकान बंद ठेवू नका आणि फोन उचलायला कुणाला तरी बसवा. आठवडाभर फोन येतील, मग ओसरतील. म्हणून येणाऱ्याचा नंबर लिहून घ्या, पुढच्या आदणाचा गूळ तयार झाला की कळवता येईल. छापण्याआधी मजकूर दाखवा असा आग्रह बातमीदाराकडं धरू नका, मिळणार नाही आणि तो दुखावेल. काही चुकलं तर त्याला शांतपणे फोन करा. स्टेटसला ‘पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं’ असं ठेवू नका.

आणि नोट तयार झाली की पाठवण्याआधी सासऱ्यांना वाचून दाखवा. गुऱ्हाळाबद्दल एखादा शब्द चुकला असेल तर मला कळणार नाही, उपसंपादकालाही नाही. त्यांना लगेच कळेल. त्यांच्या न बोलण्याचं तुम्ही छापायला देताय, तेव्हा त्यांचा होकारही घ्यायला हवाच.